नाव सांग, मग बांध: घरच्या घरी चवथीची माटोळी

गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्याच्या घरात माटोळी सासरे बांधायचे. ते स्टुलावर चढत आणि मी खाली उभी राहून एकेक वस्तू त्यांच्या हातात देई. देताना तिचं नाव मोठ्याने सांगायचं, ही त्यांची अट होती. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मी एक घोस पुढे केला आणि म्हटलं, "ही हिरवी फळं." त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. "नाव सांग, मग बांधतो." मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारून आले, "कांगलां." तेव्हा कुठे तो घोस वर गेला.

२००९ साली सासरे गेले. तेव्हापासून स्टुलावर मी चढते. इतक्या वर्षांत जे हाताला समजलं ते इथे लिहिते आहे. दरवर्षी तयार माटोळी मागवणारी घरं वाढताहेत आणि बांधायची इच्छा असलेल्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, असं मला दिसतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की गणपतीच्या मूर्तीवर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, कुळागरातली म्हणजे पोफळीच्या बागेतली, परसातली फळं, फुलं, पानं, भाज्या बांधतात, ती माटोळी. शेजारच्या सिंधुदुर्गात माटवी म्हणतात. त्या मोसमात आपल्या जमिनीत जे जे आलं ते देवाच्या डोक्यावर धरायचं, असा तिचा साधा अर्थ आहे. गोव्यातल्या काही जुन्या घरांत आजही मातीची मूर्ती नसते. कागदावर चितारलेला गणपती आणि पत्री पुजतात. तिथे तर पानाफळांनाच सगळा मान असतो.

आधी चौकट. आमची पोफळीच्या रिपांची आहे. बाहेरून चार फूट लांब, तीन फूट रुंद, आणि आत वीत-वीत अंतरावर आडव्या-उभ्या रिपा. पोफळ नसेल तर चिवारीचा बांबू चालतो, पण तो आदल्या वर्षी तोडून सुकवलेला हवा. ओल्या बांबूला भुंगा लागतो, आणि भार पडल्यावर तो मधोमध वाकतो. नागपंचमी झाली की मी चौकट माळ्यावरून खाली काढते, ओल्या फडक्याने पुसते आणि प्रत्येक सांधा हाताने हलवून बघते. सैल सांधा तेव्हाच नव्याने बांधायचा. चवथीच्या आदल्या रात्री तो सापडला तर काही करता येत नाही.

चौकट चारही कोपऱ्यांतून वाशाला टांगायची. कधीच दोन दोरांवर नाही. दोर आणि हूक चौकटीवर येणाऱ्या वजनाच्या दुप्पट वजन पेलतील असे घ्यावेत. न सोललेला एक नारळ साधारण सव्वा-दीड किलोचा असतो, म्हणजे आठ नारळांचा घोस दहा-बारा किलोंचा झाला. त्यावर सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, केळ्यांचा घड, तोरिंगं म्हणजे पपनस, तवसं म्हणजे मोठी काकडी. वजन चाळीस किलोंच्या घरात सहज जातं. उंची ठरवताना मूर्ती बसायच्या जागी चौरंग आणून ठेवा. त्यावर मूर्तीची उंची काठीने मोजा आणि माटोळीतली सगळ्यात लांब लोंबणारी वस्तू मुकुटापासून निदान हातभर वर राहील असं बघा. समईची ज्योत वाऱ्याने हलते. तिच्या सरळ वर सुकणारं पान किंवा वाख, म्हणजे बांधायची सालीची दोरी, येता कामा नये.

आता बांधायचं कशाने. सुतळी, नायलॉनची दोरी, तार, काहीही हाताशी असतं आणि काम लवकर होतं. तरी मी वाखानेच बांधते. कुमयाच्या किंवा केवणीच्या सालीचा वाख सगळ्यात चिवट. कुमयो म्हणजे कुंभा, आणि केवणीला देशावर मुरुडशेंग म्हणतात. साल काढताना उभ्या खोडाला हात लावायचा नाही. खोडाची साल गोलाकार सोलली की ते झाड मेलं. अंगठ्याएवढी एक फांदी कोयत्याने तोडा, ठेचा आणि तिची साल लांब पट्ट्यांत ओढून काढा. तिला पुन्हा फुटवे येतात. हे जमण्यासारखं नसेल तर केळीचा सोप, म्हणजे खोडाचा थर, आहेच. घड उतरवलेल्या केळीचे बाहेरचे सोप उभे चिरून चार दिवस उन्हात, पाऊस असेल तर चुलीवरच्या माच्यावर, सुकवायचे. आदल्या रात्री पट्ट्या पाण्यात भिजत घालायच्या. भिजलेला वाख बोटाभोवती वळतो, गाठ घट्ट बसते आणि सुकल्यावर सहसा सुटत नाही. भारी वस्तूला तीन पट्ट्यांची वेणी घालावी.

२०१२ मध्ये मला वेळ मिळाला नव्हता म्हणून मी बाजारातली बारीक सुतळी वापरली. तिसऱ्या रात्री दोन किलोंचं तवसं सुटून खाली आलं. मूर्तीला लागलं नाही, पण समई आडवी झाली आणि तेल पाटावर पसरलं. घरात सगळे झोपले होते. तेव्हापासून रोज सकाळी आरतीच्या आधी मी स्टुलावर चढून प्रत्येक भारी गाठ चाचपते. तुम्हीही चाचपा.

सामानाचं आता जरा सविस्तर सांगते, कारण खरी माटोळी सामान जमवण्यातच असते.

परसातलं आणि कुळागरातलं सामान सोपं. नारळ, सुपारी, केळी, निरफणस, तोरिंग, आंबाडे, पेरू, सीताफळ, अननस, पपई, तवसं, चिबूड, दुधी, भोपळा, दोडकी, फागलां म्हणजे करटोली. यातलं काहीही तोडताना किंवा विकत घेताना देठ बघा. देठ दोन बोटं लांब हवा, कारण गाठ देठाला बसते. फळात सुई, तार किंवा खिळा कधी घुसवू नका. रस गळतो, मुंग्या येतात, दुसऱ्या दिवशी चिलटं घोंगावतात आणि तिसऱ्या दिवशी फळ सडतं. तोरिंगासारखं देठ नसलेलं गोल फळ असेल तर त्याला शिंकं करायचं. दोन वाख अधिक चिन्हासारखे जमिनीवर ठेवा, मधे गाठ मारा, त्यावर फळ बसवा आणि चारही टोकं वर घेऊन एकत्र बांधा. फळाच्या पोटाशी आणखी एक वाख आडवा फिरवला की ते घसरत नाही.

केळी किती पिकलेली घ्यायची हे गणपती किती दिवसांचा आहे त्यावर ठरतं. दीड दिवसाचा असेल तर पिवळसर झालेला घड शोभतो. आमचा पाच दिवसांचा, म्हणून मी भरलेला पण हिरवा घड घेते. विसर्जनापर्यंत तो झाडावर पिकावा तसा माटोळीतच पिकतो. कच्च्या पपईचा आणि निरफणसाचा चीक गळत राहतो. ती दोन्ही आदल्या दिवशी तोडून देठ खाली करून रात्रभर ठेवायची आणि चिरलेल्या टोकाला चुलीतली राख लावायची.

रानातलं सामान वेगळं. कांगलां म्हणजे माळकांगोणीचे घोस. कवंडळ हे वेलीवरचं लिंबाएवढं गोल फळ, पिकलं की लालभडक दिसतं. ते माटोळीच्या चार कोपऱ्यांत असलं की बाकी रंगाची गरज नाही, पण ते खायचं नाही. मुलांना आधी सांगून ठेवा. माट्टीच्या पंखवाल्या फळांचे झुबके. घागऱ्यो, म्हणजे खुळखुळ्याच्या फुगीर शेंगा, सुकल्या की आत बिया वाजतात. नागूलकुड्याची जोडफळं, दोन होड्या पाठीला पाठ लावल्यासारखी, आणि त्यांना चीक पुष्कळ. शेरवडाची पांढरी पानं. खरं तर ते पान नसतं, फुलाचं एक निदल वाढून पानासारखं झालेलं असतं, आणि हिरव्या गर्दीत ते कापडाच्या तुकड्यासारखं उठून दिसतं. वाघचबके, म्हणजे कळलावी, तिची लाल-पिवळी फुलं फार देखणी, पण सगळं झाड विषारी, कंद तर सर्वांत जास्त. ती बांधायची तर उंच बांधा, हात धुवा आणि कंद उपटू नका.

कुठल्या वर्षी काय मिळेल ते चवथ कधी येते त्यावर अवलंबून असतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चवथ १९ सप्टेंबरला आली. कांगलां पिवळट होऊ लागली होती, आणि तवसं जून होऊन तांबूस झाली होती. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली आणि निम्मी कवंडळं हिरवीच बांधावी लागली. त्यात कमीपणा मानू नका. त्या दिवशी रान जसं आहे तसंच माटोळीत दिसायला हवं. हिरवं फळ रंगवून लाल करणं, प्लास्टिकची द्राक्षं लटकवणं, हे माझ्याने होत नाही.

रानात जाताना घरातल्या किंवा वाड्यावरच्या जाणत्या माणसाबरोबरच जा. भाद्रपदात गवत गुडघ्याच्या वर असतं, पायाला जळवा चिकटतात आणि जनावर, म्हणजे साप, दिसत नाही. हातात काठी हवी, पायात बूट हवेत. दुसऱ्याच्या बागेतून घ्यायचं तर विचारून. अभयारण्यात तर जायचंच नाही. सत्तरी तालुक्यातलं म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती तोडून आणता येत नाही. बाहेरच्या डोंगरावरही माझा एक नियम आहे. एका वेलीवर पाच घोस दिसले तर एक घ्यायचा. एकच दिसला तर तो तिथेच राहू द्यायचा. वेल ओढायची नाही, कोयत्याने घोसच कापायचा. पूर्वी आमच्या घराच्या मागच्या टेंबावर, म्हणजे टेकडीवर, कवंडळाच्या वेली होत्या. बाजारासाठी त्या मुळासकट उपटून नेल्या, आणि मग काही वर्षं तिथे एकही फळ धरलं नाही. ते मला अजून लागतं.

ज्यांना रान जवळ नाही त्यांनी बाजारातून घ्यावं, त्यात काही वाईट नाही. चवथीच्या आधीचे तीन-चार दिवस फोंडा, म्हापसा, डिचोली, वाळपई, पणजी, सगळीकडे माटोळीचा बाजार भरतो. सकाळी लवकर जा आणि टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्या. त्या स्वतः रान फिरून आलेल्या असतात. प्रत्येक वस्तूचं नाव आणि ती कुठे मिळाली ते विचारा. त्या आनंदाने सांगतात. मी घरी आल्यावर वहीत लिहिते. माझ्या वहीत २०११ पासूनच्या याद्या आहेत. एखादं नाव दोन-तीन वर्षं आलं नाही की मला चुकल्यासारखं होतं.

बांधायचा क्रम

तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी बसायचं. दोन माणसं लागतातच, एक वर आणि एक खाली.

पहिल्यांदा आंब्याचे टाळे. चौकटीच्या रिपा झाकतील एवढेच, फार दाट नको, कारण पुढच्या गाठींना रीप सापडायला हवी. मग सगळ्यात भारी वस्तू चार कोपऱ्यांत, जिथे टांगलेले दोर आहेत त्यांच्या अगदी जवळ. एका कोपऱ्यात नारळ बांधले की लगेच समोरच्या तिरक्या कोपऱ्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी बांधा, शिपटं किंवा घड. दोन्ही भारी वस्तू एकाच बाजूला आधी बांधल्या तर चौकट कलंडते. गाठ नेहमी दोन रिपांच्या छेदावर घ्यायची, मधल्या मोकळ्या रिपेवर नाही. वाख छेदावरून तिरका एकदा, उलट तिरका एकदा, आणि टोक त्याच फेऱ्याखालून ओढून घ्यायचं.

भारी झालं की मधल्या वजनाची फळं, तोरिंग, निरफणस, तवसं, चिबूड. सगळी एका पातळीत नकोत. काही वीतभर वाखावर, काही हातभर, म्हणजे खालून बघताना एकामागे एक लपत नाहीत. त्यानंतर भाज्या, आणि मग रानातले हलके घोस मोकळ्या जागा बघून. शेरवड आणि फुलं चवथीच्या पहाटेच, आधी लावली तर पूजेच्या वेळी माना टाकतात. तेरड्याचंही तसंच.

दर थोड्या वेळाने खाली उतरून, जिथे पूजेला बसतात तिथे बसून वर बघा. स्टुलावरून दिसते ती माटोळी वेगळी आणि पाटावरून दिसते ती वेगळी. पाटावर बसलेल्याला प्रत्येक वस्तू ओळखू आली पाहिजे. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. त्यात लोक शेकडो वस्तू जमवून त्यांतून देवांची, पक्ष्यांची चित्रं उभी करतात. ती मेहनत बघून मी थक्क होते, आणि त्यामुळे विसरलेली फळं पुन्हा लोकांसमोर येतात हे फार चांगलं. तरी घरच्या माटोळीत मला फळ फळासारखंच लोंबलेलं आवडतं. सासरे मोजत नसत. पंचवीस वस्तू जमल्या तरी माटोळी पुरी असते.

फ्लॅटमध्ये काय करायचं

माझी लेक पर्वरीला फ्लॅटमध्ये राहते. वासे नाहीत, एकच हूक. तिच्यासाठी आम्ही गोल माटोळी शोधून काढली, आणि ती शिकवली तिच्या शेजारणीने. त्या शिवोलीच्या. २४ जूनला सांजांवाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर घालायचं कोपेल, म्हणजे मुकुटासारखं कडं, त्या स्वतः पानाफुलांचं गुंफतात. त्यांच्या हातातलं ते कडं बघून लेक म्हणाली, "आई, हेच मोठं करून आडवं टांगलं तर?"

माडाच्या चुडताचे, म्हणजे झावळीचे, साठ-सत्तर हीर घ्या. खराट्याचे चालतील, पण नवे, लवचिक हवेत. ते रात्रभर भिजवा. सगळ्यांची जाड टोकं एका बाजूला ठेवू नका, निम्मे उलटे घाला, म्हणजे जुडी सगळीकडे सारखी जाड होते. जुडी पुरेशी लांब व्हावी म्हणून हीर एकमेकांच्या पुढे सरकवत जा. मग ती हळूहळू वाकवून दीड फूट व्यासाचं कडं करा, टोकं वीतभर एकमेकांवर चढवून बांधा आणि केळीच्या सोपाची पट्टी सगळ्या कड्याभोवती घट्ट गुंडाळत न्या. एक दिवस सपाट जमिनीवर वजनाखाली सुकू द्या, नाहीतर ते मुरडतं. कड्याला चार ठिकाणी वेणीचे दोर बांधून ते वर एका गाठीत आणा आणि हुकाला अडकवा. खाली मधोमध, वरच्या गाठीतून सोडलेल्या दोरावर, एकच सोललेला नारळ, शेंडीसकट. बाकी सुपारीच्या चार-पाच फांद्या, फागलां, पेरू, आंबाडे, कांगलां, कवंडळ. सगळं मिळून चार-पाच किलोंच्या वर जाऊ देऊ नका, आणि हूक पंख्याचा नको. चवथीनंतर तेच कडं लेक जपून ठेवते. दसऱ्याला त्याला झेंडू आणि भाताच्या लोंब्या गुंफून दारावर उभं लावते.

विसर्जनानंतर माटोळी उतरवताना बांधल्याच्या उलट क्रमाने जायचं. आधी हलकं, मग भारी, पुन्हा समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं आळीपाळीने. खाण्यासारखं सगळं खायचं. जून तवशाची तवसळी होते, निरफणसाची कापं, आंबाड्यांचं सासव, आणि उरलेल्या भाज्यांचं तिरफळं घालून खतखतं. तोरिंग सोलून वाड्यावरच्या सगळ्या घरांत फोडी पोचवायच्या. पानं आणि वाख माडाच्या अळ्यात जातात.

कवंडळांच्या बिया मात्र मी वेगळ्या काढते. दोन दिवस सावलीत सुकवून राखेत घोळवायच्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. घागऱ्योच्याही तशाच. मिरगाचे पहिले दोन पाऊस झाले की कवंडळ कुंपणाशी लावायचं, जिथे चढायला आंबाड्याचं खोड आहे. आंबाडाही मी फांदी खोचूनच लावला होता, तो पटकन जगतो. गेल्या चार वर्षांत परसातच तीन वेली झाल्या आहेत, आणि त्यातल्या एकीच्या बिया यंदा मी मागच्या टेंबावर नेऊन पेरल्या.